मुंबईत उतरायचे कुठे: नात्याच्या घरी की कामाच्या जवळ?

वाचक भगिनीचे पत्र:

सप्रेम नमस्कार. डिसेंबरच्या ३ तारखेला सकाळी आम्ही पाच जण मुंबईला पोहोचत आहोत: मी, यजमान, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि अकरा व सात वर्षांची दोन मुले. ४ तारखेला सकाळी नऊ वाजता सासूबाईंची परळच्या रुग्णालयात तपासणी आहे. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. त्यानंतर मुलांना मुंबई दाखवून ७ तारखेला परतायचा विचार आहे. नणंदबाई कल्याणला राहतात आणि आपले घर असताना आम्ही दुसरीकडे उतरणे त्यांना खपणार नाही. यजमानांचे मित्र म्हणतात, कुर्ला टर्मिनसजवळ लॉज स्वस्त पडेल. माझा भाऊ म्हणतो, वाशीला तेवढ्याच पैशांत मोठी खोली मिळेल. आम्ही कुठे उतरावे? (एक भगिनी, एरंडोल तालुका)

ताई,

आपल्याला तीन माणसांनी तीन जागा सुचवल्या आहेत आणि तिघांच्याही सांगण्यात आपुलकी आहे. मात्र एकाने भाडे पाहिले, दुसऱ्याने खोलीची लांबीरुंदी पाहिली, तिसऱ्याने नाते पाहिले. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार आपल्या पत्रात फक्त आपण केलेला दिसतो, आणि मुक्काम ठरवताना तोच पहिला असायला हवा. मुंबईला जाताना मी प्रत्येकाला एकच गोष्ट आधी ठरवायला सांगतो: आपल्यातल्या सर्वांत अशक्त माणसाला, सर्वांत गर्दीच्या वेळी, कुठे वेळेवर पोहोचायचे आहे? आपल्या बाबतीत याचे उत्तर ४ तारीख, सकाळी नऊ, परळ असे स्वच्छ आहे. म्हणून ३ आणि ४ तारखेच्या रात्री परळ-दादर भागात, शक्यतो दादर पूर्वेला काढाव्यात, आणि ५ तारखेला संध्याकाळच्या गर्दीआधी कल्याणला नणंदबाईंकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा क्रम उलटा करू नये.

आपल्याकडे जळगावात किंवा धुळ्यात गावाच्या कोणत्याही भागात उतरले तरी दुसऱ्या टोकाला रिक्षाने थोड्या वेळात पोहोचता येते, त्यामुळे ‘मुंबईत कुठेही उतरू, मग पाहू’ असे आपल्या तोंडून सहज निघते. मुंबई दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेली आहे आणि तिचे अंतर माणसे लोकलच्या मार्गाने व वेळेने मोजतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दादर सुमारे ९ किलोमीटर, ठाणे सुमारे ३४ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटर आहे. सकाळी आठ ते अकरा या वेळेत सारी गर्दी उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे कल्याण-ठाण्याकडून शहराकडे वाहते, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर तीच गर्दी उलट फिरते. कल्याणला मुक्काम करून नऊ वाजता परळला पोहोचायचे, तर सासूबाईंना नेमक्या त्या सकाळच्या लोंढ्यात, बहुधा उभ्याने, तासाहून अधिक प्रवास करावा लागेल. जलद गाड्या परळला थांबत नसल्याने दादरला उतरून पूल ओलांडणे आणि धीमी गाडी पकडणे, नाहीतर टॅक्सी शोधणे, हे त्याशिवाय. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी ही यातायात नको.

वाशीबद्दल मी थोडे अधिक लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या हृदयाच्या तपासणीसाठी आम्ही जळगावहून गेलो होतो आणि मोठी, हवेशीर खोली मिळते म्हणून नवी मुंबईत उतरलो. खोली खरोखर उत्तम होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हार्बर मार्गाने कुर्ला आणि तिथे गाडी बदलून मध्य मार्गाने परळ, असा प्रवास करायचा होता. कुर्ल्याच्या फलाटावर तीन गाड्या आमच्यासमोरून गेल्या आणि वडिलांना एकाही डब्यात पाय ठेवता आला नाही. शेवटी बाहेर येऊन टॅक्सी केली आणि रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकून दोन तासांनी पोहोचलो, तेव्हा आमचा क्रमांक निघून गेला होता. वडील काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा किती थकलेला होता हे मला आजही आठवते. भावाने सुचवलेली खोली नाकारताना त्याला हे सांगा. ज्यांचे काम नवी मुंबईतच आहे, उदाहरणार्थ ज्यांना खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात बोलावलेले असते, त्यांनी जरूर वाशी, नेरूळ, खारघर या बाजूला राहावे. त्यांच्यासाठी दादर दूर पडेल.

कुर्ला टर्मिनसचा प्रश्न वेगळा आहे. नकाशावर कुर्ल्याहून परळ चौथे स्थानक आहे, म्हणून तिथे उतरावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लांब पल्ल्याच्या गाड्यांचे लोकमान्य टिळक टर्मिनस आणि कुर्ल्याचे लोकलचे स्थानक एकमेकांना लागून नाहीत, आणि मधल्या रस्त्यावरून वृद्ध माणसाला चालवत नेणे त्रासाचे आहे. पहाटेची गाडी पकडायची असेल तर एका रात्रीपुरते तिथे राहण्यात अर्थ आहे. आपली गाडी मुळात तिथे जात नसेल, तर केवळ भाडे थोडे कमी आहे म्हणून तिथे राहू नये. वाचलेले पैसे पहिल्याच दिवशी रिक्षा-टॅक्सीत जातात.

दादर-परळचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. रात्री जळगावहून निघणाऱ्या विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेसने गेल्यास गाडी सकाळी दादरला थांबते, म्हणजे टर्मिनसपर्यंत जाऊन परत मागे येण्याचे कारण नाही. मध्य आणि पश्चिम या दोन्ही उपनगरी मार्गांचे दादर हे सामाईक स्थानक आहे, त्यामुळे ताप्ती मार्गाने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडून सुरतमार्गे येणाऱ्या वाचकांनाही पश्चिम मार्गाच्या लोकलने इथे येणे सोपे पडते. परळमध्ये के.ई.एम. रुग्णालय, १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि लहान मुलांचे वाडिया रुग्णालय एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणून बाहेरगावच्या रुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची या भागाला सवय आहे. साधे जेवण, औषधांची दुकाने आणि दिशा विचारल्यास थांबून मराठीत सांगणारी माणसे इथे भेटतात. हाच गिरणगाव. आपल्या खानदेशच्या काळ्या जमिनीतला कापूस ज्या गिरण्यांच्या चात्यांवर चढला, त्या गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत, पण काही जुनी धुराडी अजून दिसतात. मोठ्या मुलाला ती अवश्य दाखवा.

दीर्घ उपचारांसाठी राहावे लागणाऱ्या रुग्णांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि तिथल्या खोल्यांची गरज असलेली माणसे फार असतात. आपली तपासणी एका दिवसाची आहे आणि लॉजचे भाडे आपल्याला परवडणारे आहे, तेव्हा ती जागा ज्यांना महिनोन्‌महिने राहायचे आहे त्यांच्यासाठी सोडावी, असे मी सुचवीन.

आता खोली ठरवताना काय विचारायचे ते पाहू, आणि इथे मी बारकाईने लिहितो, कारण भाग योग्य निवडूनही खोली चुकली तर सारे व्यर्थ जाते. मुंबईत पत्त्यातला ‘पूर्व’ किंवा ‘पश्चिम’ हा शब्द गावाच्या नावाइतकाच महत्त्वाचा असतो. रुळांच्या एका बाजूची जागा दुसऱ्या बाजूला समजली, तर पूल चढून-उतरून जावे लागते. के.ई.एम. आणि टाटा ही रुग्णालये रुळांच्या पूर्वेला आहेत, म्हणून दादर पूर्व किंवा परळ पूर्व हीच बाजू पाहावी. जाहिरातीत ‘दादर’ लिहिलेले काही लॉज प्रत्यक्षात नायगाव किंवा वडाळ्याकडे असतात. तेव्हा फोनवर जवळची ठळक खूण विचारा आणि ती नकाशावर स्वतः पाहा. त्यानंतर लिफ्ट आहे का, हे विचारून थांबू नका. ती रस्त्यापासून सुरू होते की आधी पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि आपली खोली ज्या मजल्यावर आहे तिथपर्यंत जाते का, हेही विचारा. जुन्या इमारतींत पहिला मजला जिन्यानेच गाठावा लागतो असे पुष्कळदा होते. सासूबाईंना खाली बसता येत नसेल तर संडास कमोडचा आहे का, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. घरातल्या वृद्ध स्त्रिया हे स्वतःहून सांगत नाहीत आणि मग दोन दिवस पाणी कमी पितात. गरम पाणी कोणत्या वेळेत मिळते, तेही विचारून घ्या.

खोल्या लहान असतात, हे मनाशी धरून चला. जळगावच्या भाड्यात जी ऐसपैस खोली मिळते, तिच्या निम्म्या आकाराची खोली दादरला अधिक पैशांत मिळेल. पाच जणांसाठी एका खोलीत जादा गादी टाकून देतो असे कोणी म्हटले, तर ती गादी अंथरल्यावर सासूबाईंना रात्री उठून न्हाणीघरात जायला वाट उरते का, याचा विचार करा. माझ्या मते लागून असलेल्या दोन लहान खोल्या बऱ्या. दोनच रात्रींचा प्रश्न आहे.

आपली गाडी सकाळी लवकर पोहोचेल आणि बहुतेक ठिकाणी खोलीचा ताबा दुपारी बाराला मिळतो. काही लॉज मात्र चोवीस तासांचा हिशेब ठेवतात, म्हणजे सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत एक दिवस धरतात. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला पाच तास बाकावर बसवून ठेवणे योग्य नाही, म्हणून आरक्षण करतानाच सकाळी खोली मिळेल का आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे ठरवून घ्यावे. प्रत्येक मोठ्या माणसाचे मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा. आणि एक सावधगिरी: इंटरनेटवर हॉटेलांच्या नावाने खोटे दूरध्वनी क्रमांक टाकून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार होतात. क्रमांक दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय आणि खोली रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट कळल्याशिवाय मोबाइलवरून रक्कम पाठवू नका.

दादर-परळमध्ये ऑटोरिक्षा चालत नाहीत, हे आपल्याकडच्या अनेकांना तिथे गेल्यावरच कळते. पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच रिक्षा येतात; त्याच्या दक्षिणेला काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. ४ तारखेला सकाळी आठ वाजता लॉजच्या दारातून टॅक्सी करून मीटरने थेट रुग्णालयाच्या दारात उतरावे. चार मोठी माणसे एका टॅक्सीत मावतात. मुलांना घेऊन आपण लॉजवर थांबलात आणि सासूबाईंबरोबर फक्त यजमान गेले, तर मुलांचेही हाल होणार नाहीत.

तारखांच्या संदर्भात एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, आणि ती फार महत्त्वाची आहे. ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन आहे. त्या दिवशी दादरच्या चैत्यभूमीवर अभिवादनासाठी महाराष्ट्रातून आणि बाहेरून लाखो माणसे येतात, आपल्या खानदेशातूनही कितीतरी कुटुंबे जातात, आणि ही गर्दी एक-दोन दिवस आधीपासूनच सुरू होते. शिवाजी पार्कवर निवाऱ्याचे मंडप उभारलेले असतात, पुस्तकांची दुकाने लागलेली असतात आणि दूरवरून आलेली माणसे तासन्‌तास शांतपणे रांगेत उभी राहतात. त्या दिवसांत दादरला ऐनवेळी खोली मिळेल या भरवशावर राहू नका. हे पत्र वाचल्याबरोबर ३ आणि ४ तारखेचे आरक्षण करा. ५ तारखेला कल्याणला जावे असे मी म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे. यजमानांना आणि मोठ्या मुलाला अभिवादनाला जायचे असेल तर ६ तारखेला कल्याणहून लोकलने दोघांनी जाऊन यावे. ते मुलाच्या मनावर कोरले जाईल. सासूबाईंना मात्र त्या गर्दीत नेऊ नये. परतीच्या ७ तारखेच्या रात्री नागपूरकडे जाणाऱ्या गाड्याही भरलेल्या असतात, तेव्हा आरक्षण पक्के नसेल तर एक दिवस थांबून ८ तारखेला निघा.

मुंबई दाखवण्याची चिंता करू नये. दादर-परळहून ती जवळच आहे. ३ तारखेला दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी सिद्धिविनायकाला जाता येईल. कुलाब्याच्या कफ परेडपासून आरेपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते आणि तिची दादर व सिद्धिविनायक ही स्थानके लागोपाठ आहेत. तिथे लिफ्ट असल्यामुळे सासूबाईंनाही ती सोयीची आहे. दादरचे मेट्रो स्थानक पश्चिमेला आहे एवढे लक्षात ठेवून पूर्वेकडून तिथपर्यंत टॅक्सी करावी. ४ तारखेला तपासणी लवकर आटोपली तर मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत न्यावे. ती बुधवारी बंद असते, आणि परळहून भायखळा धीम्या लोकलने तिसरे स्थानक आहे. तपासणीला पूर्ण दिवस लागला तर बाग राहू द्या; मुलांना आधीच वचन देऊन ठेवू नका.

५ तारखेला सकाळी लॉज सोडून सामानासह टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जावे आणि तिथल्या सामानघरात पिशव्या ठेवाव्यात. त्यासाठी प्रत्येक पिशवीला कुलूप लागते आणि रेल्वेचे तिकीट दाखवावे लागते. १८८८ साली पूर्ण झालेली ती इमारत मुलांना समोरच्या बाजूने, रस्त्यापलीकडे उभे राहून दाखवा. आतल्या घाईत ती दिसत नाही. तिथून टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया आणि जवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहून चार वाजण्याच्या आत परत यावे आणि कल्याणची जलद लोकल टर्मिनसवरच पकडावी. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे सासूबाईंना बसायला जागा मिळते. दादरला चढायला गेलात तर ती मिळेलच असे नाही, आणि पाच वाजून गेले तर टर्मिनसवरही मिळणार नाही. घारापुरीची लेणी या खेपेला सोडून द्या. होडी आणि नंतरच्या पायऱ्या सासूबाईंना झेपणार नाहीत, आणि त्यांना एकटे मागे ठेवून जाणे मला बरे वाटत नाही.

राहता राहिला नणंदबाईंचा प्रश्न. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात आपल्या खानदेशची इतकी माणसे आहेत, की तिथे बाजारात अहिराणी कानावर पडते. गावाकडचे माणूस आले की त्यांना केवढा आनंद होतो, हे मी पाहिले आहे. त्यांच्या घरी जायचेच नाही असा निरोप त्यांना लागेल. म्हणून फोन आपण न करता सासूबाईंनी करावा. आईने लेकीला ‘तपासणीपुरत्या दोन रात्री दवाखान्याजवळ राहते आणि मग निवांत तुझ्याकडे येते’ असे सांगितले, की रागाला जागा राहत नाही. तपासणीचा ताण उतरल्यावर लेकीच्या घरी मिळालेले दोन-तीन दिवस सासूबाईंनाही अधिक गोड लागतील. ७ तारखेला सकाळी मुलांना खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला दाखवता येईल. परतीची गाडीही कल्याणलाच पकडा, कारण जळगावकडे जाणाऱ्या या गाड्या तिथे थांबतात; तिकीट मुंबईहून काढलेले असेल तर चढण्याचे स्थानक किमान एक दिवस आधी कल्याण असे बदलून घ्या, नाहीतर आपली जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

डिसेंबर म्हणजे भरिताच्या वांग्यांचे दिवस. नणंदबाईंसाठी वानवळा न्यालच. वांगी, कळण्याचे पीठ, बिबड्या, जे काही नेणार असाल ते एका वेगळ्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी लॉजच्या खोलीत खिडकीजवळ, हवेशीर जागी ठेवा. ५ तारखेपर्यंत वांगी टिकतील.